कमूच्या घरचे नवे

७ सप्टेंबर, रविवार

ही वही कोणाला दाखवायची नाही. त्यामुळे तिच्यात युक्तिवाद सजवण्याचे कारण नाही. तरीही अडतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला मुद्दा क्रमाने मांडल्याखेरीज चैन पडत नाही. त्याला इलाज नाही.

पोशेऱ्याच्या पुढच्या या पाड्यावर मी जूनमध्ये आलो. येथे अकरा ख्रिस्ती घरे आहेत आणि पत्र्याचे एक प्रार्थनाघर आहे. पाळकसाहेब जव्हारला राहतात. त्यांच्याकडे अशा सात मंडळ्या असल्याने ते दोन-तीन महिन्यांतून एकदा येतात, आणि मधल्या रविवारी उपासना चालवायला कोणीतरी हवे होते. नगरला माझे घर होते. पण जानेवारीत पत्नी वारल्यापासून त्या घरात मला काही काम उरले नव्हते. म्हणून आलो. निरोपसमारंभात याला त्याग म्हटले गेले. तो शब्द अचूक नाही.

आज हजर एकतीस. विषय: अर्धे मन आणि पूर्ण मन. देवाला दिलेल्या मनाचे वाटे होत नाहीत. नव्व्याण्णव भाग दिले आणि एक राखला, तर त्या राखलेल्या भागाचीच सत्ता बाकीच्यांवर चालते, असे प्रतिपादन केले. मंडळीचा चिटणीस रोहिदास येथील शाळेत शिक्षक आहे. उपासनेनंतर तो म्हणाला, "सर, झालं चांगलं. पण नव्व्याण्णव भाग कोणाच्या डोक्यात गेले नाहीत."

"तुम्ही कसे सांगितले असते?"

"मी भाकरी मोडून दाखवली असती."

दृष्टान्त म्हणजे सिद्धता नव्हे, हे त्याला समजावून सांगितले. तो "बरोबर आहे, सर," म्हणाला आणि हसला.

साडेतीनला चहा केला. दोन कप. दुसरा निवल्यावर जास्वंदीच्या मुळाशी ओतला.

११ सप्टेंबर, गुरुवार

प्रार्थनाघर झाडायला गौरा येते. वय पस्तीसच्या आसपास. नवरा सावळा दोन वर्षांपूर्वी वसईला इमारतीच्या परांचीवरून पडून वारला. घरी सासू कमू आहे. ती पूर्ण आंधळी असून आपल्या विश्वासातली नाही. गौरा बाप्तिस्म्याच्या वर्गात आहे. वाचता येत नाही, पण जे एकदा ऐकते ते तिला पाठ होते. नोव्हेंबरच्या सोळा तारखेला पाळकसाहेब येतील, तेव्हा तिघांचा बाप्तिस्मा योजला आहे. त्यासाठी प्रत्येकाची लेखी शिफारस मंडळीच्या वडिलाने, म्हणजे मी, करायची.

ती मला "बाबा" म्हणते. "सर म्हणावे," असे मी आजवर तीनदा सांगितले. मान डोलावते आणि पुढच्या वाक्यात पुन्हा "बाबा."

आज झाडता झाडता तिने विचारले, "बाबा, आपुन प्रार्थना करताव तवा मेलेल्या मानसाला आयकू जाते का?"

"नाही. प्रार्थना देवाशी असते. मृतांशी नाही."

"म्हनून तुमी बाईंचा नाव कदी घेत नाय?"

मी म्हणालो, हा प्रश्न वर्गाच्या विषयात बसत नाही. ती पुन्हा झाडू लागली.

२८ सप्टेंबर, रविवार

रात्रभर पाऊस. पत्र्यावरच्या आवाजामुळे प्रवचन आवरते घ्यावे लागले. हजर बावीस. हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, भाताची लोंबी शेतात आडवी झाली, म्हणून बाकीचे आले नाहीत. बांधावरच उभे राहिले म्हणे.

दिवसभरात कोणाशी एकूण किती बोललो याचा सहज अंदाज केला. प्रवचन वगळता अकरा वाक्ये.

९ ऑक्टोबर, गुरुवार

एक अप्रिय गोष्ट नोंदवायची आहे.

शिफारसपत्रासाठी गौराची जन्मतारीख हवी होती, म्हणून दुपारी तिच्या घरी गेलो. दार उघडे होते. चुलीशेजारी सारवलेल्या जागी सागाचे पान, त्यावर नव्या तांदळाचा भात आणि काकडीची फोड. पानापुढे कमू हात जोडून बसलेली आणि तिच्या शेजारी गौरा, डोळे मिटलेली. ओठ हलत होते.

याला येथे "नवे करणे" म्हणतात. नवे धान्य घरात आले की त्याचा पहिला घास घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावाने पानावर काढतात. तोवर घरचा कोणी त्याला तोंड लावत नाही. भाताचे नवे वेगळे, नागलीचे, म्हणजे नाचणीचे, वेगळे. पान घरच्याच माणसाने मांडायचे, शेजाऱ्याने मांडलेले चालत नाही. ही माहिती मला जूनमध्येच रोहिदासने दिली होती. आपली मंडळी हे करत नाहीत, असेही तेव्हाच सांगितले होते.

मी आत गेलो नाही. आल्या पावली परतलो.

१२ ऑक्टोबर, रविवार

उपासनेनंतर गौराला थांबवून घेतले. साक्षीला रोहिदास होता. मी एकच प्रश्न विचारला आणि तो संदिग्ध राहू नये याची काळजी घेतली.

"गुरुवारी तुझ्या घरी पान मांडले गेले. ते तू मांडलेस का? होय किंवा नाही, एवढेच सांग."

"होय."

"मृतांच्या नावाने?"

"आईला दिसत नाय, बाबा. सावळ्याला काढल्याबिगर ती घास..."

"होय की नाही?"

तिने रोहिदासकडे पाहिले, मग माझ्याकडे. "होय."

तिच्या प्रामाणिकपणाबद्दल मी तिला धन्यवाद दिले. खोटे बोलून ती सहज सुटू शकली असती. पुढे मी सांगितले, की जी व्यक्ती एका हाताने प्रभूला धरते आणि दुसऱ्या हाताने जुने पान मांडते, तिने अजून पूर्ण मनाने निवड केलेली नाही. आणि बाप्तिस्मा म्हणजे निवड झाल्याची खूण, निवड होईल या आशेची नव्हे. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "झाडू आतमधी ठेवू का भाईर?"

१३ ऑक्टोबर, सोमवार

शिफारसपत्र भरले. छापील नमुना आहे. "उमेदवाराने पूर्ण मनाने विश्वास स्वीकारला आहे काय?" या रकान्यात "नाही" लिहिले. "शिफारस करणाऱ्याचे उमेदवाराशी नाते" या रकान्यात रेघ मारली, कारण नाते नाही.

संध्याकाळी रोहिदास आला. बराच वेळ छत्री मिटत आणि उघडत दारात उभा होता.

"सर, एकदा तिच्या घरी जाऊन निवांत विचारू या ना."

"काय विचारायचे राहिले आहे?"

"तसं काही नाही. पण ती बोलत होती आणि आपण..."

"मी तिला तोडले, असे तुम्हाला म्हणायचे आहे. मी तिला मुद्द्यावर ठेवले."

"सर, तुम्ही बोलायला लागलात की आम्ही पाचवीतली पोरं होतो," असे म्हणून तो गेला. यात युक्तिवाद कोठेही नव्हता.

त्याच्यासाठी चहा करायचे सुचले नाही. दोन कप आधीच झाले होते.

१९ ऑक्टोबर, रविवार

यादी वाचून दाखवली. तीनऐवजी दोन नावे. गौरा मागच्या चटईवर बसली होती. शेवटच्या गीताला तिचा आवाज नेहमीइतकाच वर होता. मी मुद्दाम लक्ष देऊन ऐकले.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळी सरली की येथली माणसे बाहेर पडतात. याला "जगायला जाणे" म्हणतात. वसई, भिवंडी, ठाणे. कोणी बांधकामावर, कोणी वीटभट्टीवर. होळीला परततात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा हा शब्दप्रयोग मला अतिशयोक्त वाटला होता.

आज सकाळी वसईच्या वीटभट्टीच्या मुकादमाचा टेम्पो आला. गौरा त्यात बसलेली पाहून मला आश्चर्य वाटले, कारण सोळा नोव्हेंबरपर्यंत ती थांबणार असे ठरले होते.

"आता कशापायी थांबू, बाबा?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर उत्तर देणे सोपे गेले असते.

"आणि तुझी सासू?"

"शेजारची चंदा भाकर घालल. नागली अजून खळ्यावर हाय, ती झोडून देयाची पन तीच बोलली." मग टेम्पोच्या फळीवरून वाकून म्हणाली, "तुमी बगाल ना जरा आईकडं?"

मी म्हणालो, चंदा शेजारी आहेच. टेम्पो निघाला तेव्हा लक्षात आले, की या वेळी मी "सर म्हणावे" असे सांगितले नव्हते.

प्रार्थनाघरात गेलो. सगळे झाडलेले. माझ्या खोलीबाहेरचे पाण्याचे दोन्ही हंडे भरलेले.

२ नोव्हेंबर, रविवार

हजर नऊ.

९ नोव्हेंबर, रविवार

हजर पाच. गीताला सूर लागेना. मी सुरुवात केली ती फार उंच पट्टीत. खाली आणायला कोणी नव्हते.

१६ नोव्हेंबर, रविवार

पाळकसाहेब आले. दोघांचा बाप्तिस्मा ओढ्यात झाला. पाणी गुडघ्याच्या वर आणि फार गार. जेवताना त्यांनी गौराचे शिफारसपत्र पुन्हा वाचले.

"एवढ्यावरून, सर?"

मी पाच विधानांत कारण मांडले. त्यांनी एकही खोडले नाही. पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुमच्याशी वाद घालून कोणी जिंकलंय? तुमचं सगळं बरोबर असेल. पण ओढ्यात उभा होतो ना, तेव्हा त्या दोघांना वर काढल्यावर माझा हात आपोआप तिसऱ्यासाठी पुढे गेला. सवयीनं."

सवय हा पुरावा नव्हे. तसे मी म्हणालो. त्यांनी मान्य केले आणि चारच्या एस.टी.ने जव्हारला गेले.

२३ नोव्हेंबर, रविवार

हजर तीन: रोहिदास, त्याची बायको आणि मी. प्रवचन पूर्ण दिले. चटया एकतीस अंथरल्या होत्या. आता त्या अंथरायचे काम माझ्याकडे आहे.

कमूकडे गेल्या महिन्यात एकदाही गेलो नाही, हे आज ध्यानात आले. जाण्याचे प्रयोजनही नव्हते. ती उपासनेला येत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आजची नोंद लांब होईल. घडले त्याच क्रमाने लिहितो.

दुपारी साडेतीनला चहा ओतला आणि बाहेर ओट्यावर बसलो. तेवढ्यात चंदा येताना दिसली. तिच्या खांद्यावर हात ठेवून, दुसऱ्या हातात काठी घेऊन कमू. तिचे घर पाड्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. वाटेत उतार आहे, नाला आहे. चंदा दुरूनच बोलत आली.

"घ्या, सांबाळा तुमची पावनी! परवापासून पोटात कण नाय हिच्या. भात संपला. नागली झोडली, दळली, भाकर थापली, ताटात घातली, तर बोलते, नवा नाय केला, मी नाय खायाची. मी बोलले, मांडते मी पान. तर बोलते, तू माझ्या घरची नाय. चाळीस वरसं शेजार काढला, आन् म्हातारी बोलते, घरची नाय!"

"नाय तर नाय," कमू म्हणाली. "तू का माझी सून हाय?"

"सून तिकडं भट्टीवर बसली. कोनी घालवली ती?" चंदाने हे माझ्याकडे पाहून म्हटले. "तुमच्या पान्यात उतरायला पन चिठ्ठी लागते म्हने. आमच्या वढ्यात म्हशी उतरतात त्या कोनाला इचारत नाय."

मी कमूला ओट्यावर बसवले. बसताना आधारासाठी तिने हात टेकला, तो दुसऱ्या कपाला लागला. तिने कप चाचपला, कानावरून बोट फिरवले, मग बोट चहात बुडवून पाहिले.

"निवला. कोन येनार हाय?"

"कोणी नाही."

"मंग ठेवला कोनाला?"

"सवय आहे."

"कोनाची?"

मी म्हणालो, माझी पत्नी या वेळी चहा घेत असे.

"कवा गेली?"

"जानेवारीत."

कमूने बोटे मोजली. "नाव काय तिचा?"

या वहीत मी तिचे नाव एकदाही लिहिलेले नाही. आत्ता मागची पाने उलटून खात्री करून घेतली. तोंडाने उच्चारल्यालाही किती दिवस झाले, ते सांगता येणार नाही.

"पुष्पलता," मी म्हणालो.

"मंग नाव घेऊन ठेव," कमू म्हणाली. येथील म्हातारी माणसे सगळ्यांशी एकेरीतच बोलतात. "मुक्यानं ठेवतंस. असा कुत्र्याफुडं ठेवतात."

चंदा म्हणाली, "आये, काय बोलतेस!" पण मला राग आला नाही. विधान कठोर होते, चुकीचे नव्हते.

मग कमूने येण्याचे कारण सांगितले. पान मी मांडायचे. घरच्या माणसाखेरीज कोणी मांडू शकत नाही, हा नियम तिनेच आत्ता सांगितल्याची मी आठवण करून दिली.

"गौरा तुला बाबा बोलते का नाय?"

"बोलते."

"मंग? सुनेचा बाप तो घरचा नाय तर कोनाचा?"

निष्कर्ष वैध होता. आधारवाक्य मीच महिनाभर दुरुस्त न करता ठेवले होते.

मी म्हणालो, माझ्या विश्वासात हे बसत नाही. मृतांना अन्न पोहोचत नाही. ते मागत नाहीत, आणि आपण त्यांना देऊ शकत नाही.

"ते मला नको सांगू. सावळ्या खातो का नाय, मला दिसते का? मी आंधळी." मग कंटाळल्यासारखी म्हणाली, "गौरा बोलते तसाच बोल, झाला."

"ती काय बोलते?"

"तोंडातल्या तोंडात बोलते. मला काय ठाव. पन शेवटाला आमेन बोलते. मंग मी जेवते."

चंदाने विचारले, पाणी आणू का.

नऊ ऑक्टोबरला दारातून मी पान पाहिले, जोडलेले हात पाहिले, हलणारे ओठ पाहिले. बारा तारखेला पान कोणी मांडले हे विचारले, कोणाच्या नावाने हे विचारले. ओठ काय म्हणत होते, हे विचारले नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने हे केले असते तर मी त्याची उत्तरपत्रिका परत केली असती. आणि ती सांगू लागली होती. तिचे वाक्य "घास" या शब्दावर मी तोडले. त्या नोंदीत ते तसेच आहे.

आम्ही तिघे कमूच्या घरी गेलो. नाला ओलांडताना तिने माझा हात धरला. तिच्या हाताला वजन असे नव्हते. चंदाने सागाचे पान आणून दिले, भाकरी दिली. चुलीशेजारी सारवलेल्या जागी मी पान मांडले आणि भाकरी मोडून त्यावर ठेवली. कमूने हात जोडले. मी म्हणालो: प्रभू, ही नागली तू दिलीस. सावळा तू दिला होतास, त्याबद्दल तुझे आभार. त्याच्या आईला आता जेवू दे. येथे थांबायचे होते. थांबलो नाही. पुष्पलता तू दिली होतीस, असे म्हणालो, आणि पुढचे वाक्य पूर्ण करता आले नाही.

"आमेन बोल," कमू म्हणाली.

"आमेन."

ती जेवली. सव्वा भाकरी. मला पाव भाकरी दिली, मी खाल्ली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज प्रार्थनाघर मी झाडले. कोपऱ्यातला केर निघत नाही. तिला निघत असे.

पाड्यावर फोनला रेंज नाही. मोखाड्याच्या वाटेवरच्या चढावर मिळते. रोहिदासने मुकादमाचा नंबर मिळवला होता. शाळा सुटल्यावर दोघे चढावर गेलो. अर्ध्या तासाने गौरा फोनवर आली. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता.

"बाबा? आईला काय झाला?"

"काही नाही. जेवते आहे. नागलीचे नवे झाले."

"कोनी मांडला?"

"मी."

ट्रॅक्टर थांबला, किंवा ती त्याच्यापासून दूर गेली असावी. मग तिने विचारले, "मांडताना काय बोललात, बाबा?"

एवढाच प्रश्न. तिने तो पहिल्या झटक्यात विचारला. मी काय बोललो ते सांगितले, अपुरे राहिलेले वाक्यही. तिने मध्ये तोडले नाही. मग मी विचारले, "तू काय बोलतेस?"

"मी? मी ता तुमी जेवायच्या टायमाची प्रार्थना शिकवली तीच बोलते. फक्त सावळ्याचा नाव घालते मदी, म्हनजे आईला आयकू येते. नाव आयकल्याबिगर ती खात नाय." थोडे थांबून म्हणाली, "चूक हाय का?"

सप्टेंबरमधल्या त्या प्रवचनाला उत्तर म्हणून रोहिदासने भाकरी सुचवली होती, हे मला त्या चढावर आठवले. तो माझ्यापासून दहा पावलांवर पाठ करून उभा होता, आणि चांगल्या माणसासारखा दरी पाहत होता.

"नाही," मी म्हणालो. "चूक माझी होती." तिला ऐकू गेले नसावे असे वाटून पुन्हा म्हणालो.

"आयकला, बाबा," ती म्हणाली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पाळकसाहेबांना पत्र लिहिले. पहिल्या पृष्ठावर चूक कोठे झाली ते सांगितले, दुसऱ्यावर विनंती केली: भट्टी होळीपर्यंत सुटत नाही, तेव्हा नाताळापूर्वी आपण दोघांनी वसईला जाऊन गौराचा बाप्तिस्मा तेथेच करावा. पाण्याची टाकी आहे असे गौरा म्हणते. थंडीत तेवढा प्रवास माझ्या गुडघ्यांना सोसेल का, हा प्रश्न त्यात घातला नाही. तो विषयाला धरून नाही.

दुपारी चहाचा दुसरा कप झाकून कमूकडे नेला. नाल्यापर्यंत थोडा सांडला. "आज ऊन हाय," घोट घेऊन ती म्हणाली.

शिफारसपत्राचा कोरा नमुना एकच उरला होता, तो भरला. पूर्ण मनाने विश्वास स्वीकारला आहे काय, या रकान्यात "होय." उमेदवाराशी नाते, या रकान्यापाशी थोडा थांबलो. मागच्या वेळी तेथे रेघ होती.

या वेळी लिहिले: घरचा.